चरबी, भूक आणि कंबर : काही टिपणं

१९४९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या काही पिल्लांनी लक्ष वेधून घेतलं. जन्मली ती भावंडांसारखीच, पण काही आठवड्यांतच गोल गरगरीत झाली. त्यांची भूक भागतच नसे आणि हालचाल मंद असे. मोठी झाल्यावर त्यांचं वजन साध्या उंदराच्या दुप्पट-तिप्पट भरे. दुसऱ्या वर्षी त्यावर शोधनिबंध छापून आला. ज्या जनुकातल्या बिघाडानं हे घडत होतं त्याला ‘ओबी’ असं नाव पडलं. चरबीच्या संप्रेरकाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्याची सुरुवात या पिल्लांपासून होते.

*

चरबी म्हणजे साठवण, हे शाळेत शिकलेलं. कणगीत धान्य भरावं तशी शरीरानं अडीअडचणीसाठी भरून ठेवलेली ऊर्जा. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून जास्त. हे खरं आहे, पण अपुरं आहे. मेदपेशी रक्तात संप्रेरकं सोडते. मेंदू, यकृत, स्नायू, बीजकोश या सगळ्यांना तिचे निरोप पोचतात. थायरॉईड आणि स्वादुपिंडाच्या पंक्तीत चरबीला मानानं बसवायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं.

*

जॅक्सन प्रयोगशाळेतच साठच्या दशकात लठ्ठ उंदरांचं आणखी एक वाण सापडलं. ते लठ्ठ होते आणि त्यांना तीव्र मधुमेहही होता. त्यांच्या जनुकाचं नाव ‘डीबी’. डग्लस कोलमन या कॅनडात जन्मलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञानं या दोन्ही वाणांवर जो प्रयोग केला, तो वाचताना आजही मन थरारतं.

त्यानं दोन-दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवून टाकल्या. जखम भरते तशा दोघांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाच्या रक्तातलं द्रव्य हळूहळू दुसऱ्यात पोचतं. डीबी उंदराला साध्या उंदराशी जोडलं, तर साध्या उंदरानं खाणं सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. शेजारचा डीबी मात्र खात राहिला. डीबीला ओबीशी जोडलं, तर ओबीनं अन्न टाकलं आणि तोही सुकत गेला. ओबीला साध्या उंदराशी जोडलं तेव्हा दोघंही जगले, ओबीचं खाणं आटोक्यात आलं आणि वजनाची वाढ मंदावली.

कोलमननं यावरून निष्कर्ष काढला. ‘आता पुरे’ असं सांगणारं काहीतरी रक्तात असतं. ओबी उंदराला ते तयार करता येत नाही, पण बाहेरून मिळालं तर समजतं. डीबी उंदीर ते भरपूर तयार करतो, पण त्याला ते ऐकूच येत नाही. ते द्रव्य कोणतं, ते कुठे बनतं, हे काहीच हाती नसताना १९७३ पर्यंत त्यानं इथवर मजल मारली होती. लठ्ठपणा ही निव्वळ सवयीची आणि संयमाची बाब आहे, असं मानणाऱ्यांचा तो काळ. आपला निष्कर्ष लोकांच्या गळी उतरवायला कोलमनला फार वर्षं लागली.

*

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमननं ओबी जनुकाचा शोध सुरू केला तो ऐंशीच्या दशकात. तेव्हा जनुकांचे आयते नकाशे नव्हते. हजारो उंदरांच्या पिढ्या वाढवायच्या, गुणसूत्राचा एक-एक तुकडा तपासत हद्द आवळत आणायची, असं आठ वर्षांचं काम. १ डिसेंबर १९९४ च्या ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. पहिलं नाव होतं यियिंग झांग या संशोधिकेचं. जनुक सापडलं आणि ते चरबीतच काम करतं हेही दिसलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं नाव लेप्टिन. रक्तात फिरणाऱ्या या रेणूत १४६ अमिनो आम्लं असतात.

२०१० साली कोलमन आणि फ्रीडमन या दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. एकानं अस्तित्व ओळखलं, दुसऱ्यानं वस्तू हातात आणून दिली.

*

लेप्टिनचं काम थोडक्यात असं. मेदपेशी जितकी भरलेली, तितकं लेप्टिन जास्त. ते रक्तातून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पोचतं. तिथे चेतापेशींचे दोन गट असतात. एक भूक चेतवतो, दुसरा शमवतो. लेप्टिन पहिल्याला दाबतं आणि दुसऱ्याला जागं करतं. एका जेवणाचा हिशेब हे संप्रेरक ठेवत नाही, तो आतड्यातल्या संप्रेरकांकडे असतो. लेप्टिनकडे आठवड्यांचा आणि महिन्यांचा ताळेबंद असतो.

*

१९९५ च्या जुलैत बातमी आली की लेप्टिन टोचल्यावर लठ्ठ उंदीर बारीक होतात. अॅमजेन कंपनीनं त्याआधीच २ कोटी डॉलर मोजून हक्क घेतले होते. जगभर वाटलं, लठ्ठपणावरचं औषध आलंच.

पुढच्याच वर्षी माणसांच्या रक्ताचे आकडे छापून आले. लठ्ठ माणसांत लेप्टिनची कमतरता नव्हतीच. उलट सरासरी पातळी मिलिलिटरला ३१ नॅनोग्रॅम होती, सडपातळ माणसांत ७.५. म्हणजे चरबी चौपट जोरानं सांगत होती, आणि मेंदू ऐकत नव्हता. बहुसंख्य लठ्ठ माणसं ओबी उंदरासारखी नसतात. डीबीसारखा जनुकीय बिघाडही त्यांच्यात नसतो, पण तक्रार त्याच जातीची. याला लेप्टिन-प्रतिरोध म्हणतात. १९९९ मध्ये लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचून पाहिलं, तेव्हा मोठ्या मात्रेवर काहींचं वजन उतरलं, बाकीच्यांचं जेमतेम. औषध म्हणून ती वाट तिथेच थांबली.

*

पण काही मुलांचं आयुष्य त्याच औषधानं बदललं, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच नोंद.

केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’राहिली आणि सदफ फारुकी यांच्याकडे पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली, एकमेकांच्या नात्यातली दोन मुलं आली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९ किलो. दोघंही जन्मतः साध्या वजनाची. मग भूक सुरू झाली ती थांबेचना. रक्त तपासलं, तर अंगावर एवढी चरबी असूनही लेप्टिन जवळजवळ नाहीच. जनुकातलं एक अक्षर गळालं होतं. १९९७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. माणसातला ओबी जनुकाचा बिघाड पहिल्यांदाच सापडला होता.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन ९४.४ किलो होतं. तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली. वर्षभरात १६.४ किलो उतरले, आणि उतरले ते जवळजवळ सगळे चरबीचेच. अशाच एका लहानग्या मुलाला उपचाराआधी हवं तेवढं खाऊ दिलं, तेव्हा त्यानं एका बैठकीत ११०० हून अधिक कॅलरी खाल्ल्या. मोठ्या माणसाचं जवळपास अर्ध्या दिवसाचं अन्न. लेप्टिन सुरू झाल्यावर तेच मूल साधारण १८० कॅलरी खाऊन ताटावरून उठलं, वयाला शोभेल एवढंच.

या मुलांना उपचाराच्या काळात कुणी नवे संस्कार दिले नव्हते. मनावर ताबा ठेवायला शिकवलं नव्हतं. फक्त न मिळणारा निरोप मिळू लागला.

*

अशी मुलं जगात फार थोडी आहेत. पण त्यांनी जे सिद्ध केलं ते सगळ्यांना लागू आहे. भुकेला शरीरात ठावठिकाणा आहे.

*

लेप्टिन हे लठ्ठपणा रोखण्यासाठी आहे, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटलं. १९९६ साली बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलेली गोष्ट वेगळी होती. उपास घडला की लेप्टिन चटकन खाली येतं, चरबी फारशी घटण्याच्या कितीतरी आधी. ते खाली आलं की शरीर दुष्काळाची तयारी करतं. भूक वाढते, थायरॉईड मंदावतं, प्रजननाची यंत्रणा गप्प होते. माणसाच्या इतिहासात धोका असायचा तो अन्न न मिळण्याचा. लेप्टिनची पातळी चढण्यापेक्षा उतरण्याकडे मेंदूचं लक्ष जास्त असतं, ते यामुळेच.

*

धावपटू मुलींची पाळी बंद होते, फार कमी खाणाऱ्या मुलींचीही होते. अशा आठ स्त्रियांना लेप्टिन दिल्याचा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. आठांपैकी तिघींना बीजोत्सर्गासह पाळी आली. गर्भ वाढवायला पुरेल एवढा साठा आहे की नाही, हे शरीर चरबीलाच विचारतं. ज्या मुलांना लेप्टिन जन्मतःच नसतं, त्यांचं वयात येणंही अडतं आणि उपचारानंतर योग्य वयात सुरू होतं. तेव्हा चरबी म्हणजे अंगावरची घाण, असं मुलींच्या मनात भरवणं थांबलं पाहिजे.

*

डाएट करून दहा किलो उतरवलेल्या माणसाचे सहा महिन्यांत आठ किलो परत येतात, आणि घरचे म्हणतात, “तुझ्याच्यानं होणार नाही, जिभेवर ताबाच नाही.”

त्या माणसाच्या शरीरात काय चाललेलं असतं ते पाहा. वजन उतरलं की लेप्टिन घसरतं. दहा टक्के वजन घटलं की शरीर रोजचा खर्चही कमी करतं, आणि तोही नव्या वजनाच्या हिशेबानं जेवढा व्हावा त्याहून जास्त. मेलबर्नला झालेल्या एका अभ्यासात दहा आठवडे अगदी मोजकं खाऊन लोकांनी वजन उतरवलं. वर्ष उलटल्यावर पाहिलं, तरी भुकेशी निगडित संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. लोकांची भूकही वाढलेलीच होती. वर्षभर सतत भुकेशी झुंजणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

*

चरबी अजिबातच नसेल तर? असाही आजार आहे, लिपोडिस्ट्रॉफी. काहींना जन्मतः, काहींना पुढे होतो. अंगावर त्वचेखाली मेद जवळजवळ राहत नाही, स्नायू आणि शिरा उठून दिसतात. अशी माणसं निरोगी असावीत असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांची साखर प्रचंड वाढते, रक्त ट्रायग्लिसराइडनं दुधाळ दिसू लागतं, यकृतात मेद साचतो आणि भूक तर आवरतच नाही. साठवायला जागा नाही म्हणून मेद नको तिथे जातो, आणि लेप्टिन नाही म्हणून मेंदूला वाटतं उपासमार चालली आहे.

२००२ साली अशा नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिलं. ट्रायग्लिसराइड ६० टक्क्यांनी उतरले आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, सरासरी १.९ अंशांनी खाली आलं. २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी लेप्टिनचं औषधी रूप, मेट्रेलेप्टिन, मान्य झालं. लठ्ठपणासाठी शोधलेलं औषध चरबी नसलेल्या माणसांच्या कामी आलं.

*

चरबीचं दुसरं मोठं संप्रेरक म्हणजे अॅडिपोनेक्टिन. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानच्या ओसाकात वेगवेगळ्या गटांना ते सापडलं. रक्तात ते लेप्टिनच्या जवळपास हजारपट असतं. त्याची चाल लेप्टिनच्या उलट आहे. चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की ते कमी होतं. ते भरपूर असलेल्या माणसांत इन्सुलिन नीट लागू पडतं, कमी असलेल्यांत मधुमेहाचा धोका जास्त दिसतो. दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे.

सगळी चरबी सारखी नसते, हा त्यातला व्यवहारात उपयोगी पडणारा धडा. मांड्यांवरची आणि नितंबांवरची चरबी तुलनेनं सोज्वळ. पोटाच्या आत, आतड्याभोवती साचलेली मात्र त्रासदायक, कारण तिच्याकडचं रक्त थेट यकृतात जातं.

*

आता पुण्याकडे येतो.

केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळ जन्मलं की कार्यकर्ते घरी पोचत. वजन, लांबी, डोकं, दंड, पोट मोजत. मग पाठीवर खांद्याच्या हाडाखाली त्वचेची चिमूट कॅलिपरमध्ये धरून तिची जाडी घेत.

या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो भरलं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळं लांबीला कमी, स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांतही कमी. पण पाठीवरची ती चिमूट मात्र फारशी कमी नव्हती. वजनाला हडकुळं, पण अंगात मेद राखून असलेलं बाळ. नंतर लंडनमधल्या बाळांशी तुलना करताना नाळेतलं रक्त तपासलं. पुण्याची बाळं वजनानं बरीच हलकी असूनही लेप्टिन जवळपास तेवढंच आणि इन्सुलिन जास्त. म्हणजे मधुमेहाची वाट पहिला घास खाण्याआधीच आखली जात होती.

मला वाटतं, गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या मातीतून जगाच्या वैद्यकाला मिळालेल्या मोठ्या देणग्यांत हे काम मोजलं पाहिजे. आणि ते ज्यांच्यामुळे झालं, त्या गावांतल्या मायलेकींनाही त्यात वाटा दिला पाहिजे.

*

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं गेलं. शेजारी-शेजारी उभे दोन डॉक्टर, पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघंही ‘योग्य वजन’ या रकान्यात. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःच्या व्यायामाबद्दल लिहिलं होतं ते इतकंच की रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते धावत गाठतात.

आपल्या शरीराचा पुरावा स्वतःच छापायला मोकळं मन लागतं. व्यायामाचा फरक त्यात आहेच. आईचं पोषण, गर्भातली वाढ, पिढ्यांचा वारसा हेही त्यात आहे. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेलं, अशी माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. वजनकाटा त्यांना पास करतो. मग एखाद्या दिवशी कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी होते आणि कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून येतं, चाळिशीही उलटलेली नसताना.

*

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं २०२३ साली आकडे दिले. मधुमेही १०.१ कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३.६ कोटी. पोटाचा लठ्ठपणा प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांत. बीएमआयनं मोजलेल्या लठ्ठपणापेक्षा हा आकडा मोठा आहे. पुण्याच्या बाळांची पाठ जे सांगत होती, तेच आता देशाची कंबर सांगते आहे.

*

झोप. शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. तरुणांना भूक जास्त लागली, आणि ओढ होती ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. अभ्यास लहान आहे, पण रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना जागवणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावा असा.

*

‘लेप्टिन’ असं नाव छापलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल इंटरनेटवर विकायला असतात. लेप्टिन हे प्रथिन आहे. ते तोंडानं घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जाईल. त्याचा उपचार इंजेक्शननंच होतो, आणि तोही मोजक्या आजारांत. रक्तातलं लेप्टिन तपासण्याचीही साध्या लठ्ठपणात गरज नाही. ते वाढलेलं असणार, हे तपासणीआधीच ठाऊक असतं. अपवाद एकच. मूल जन्मतः साधं असून पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्यानं लठ्ठ होत असेल आणि त्याची भूक आवरतच नसेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जनुकीय कारण असू शकतं का, असं स्पष्ट विचारा. आईबापांच्या लाडांवर बोट ठेवून हा प्रश्न मिटवू देऊ नका.

*

आज ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, सेमाग्लुटाइड वगैरे, ती लेप्टिनची नाहीत. ती आतड्यातल्या जीएलपी-वन या संप्रेरकाच्या वाटेनं चालतात. त्यांनी भूक उतरते आणि वजनही उतरतं. बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढू लागतं, आणि त्यामागे चरबीचा तोच जुना ताळेबंद आहे. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पण घेणाऱ्याला ‘शॉर्टकट मारला’ म्हणून हिणवू नये. रक्तदाबाच्या गोळीला आपण शॉर्टकट म्हणत नाही.

*

भूक शरीर ठरवतं, मग माणसानं काही करायचंच नाही का? करायचं आहे, आणि पुष्कळ करता येतं. चालण्यानं, वजनं उचलण्यानं स्नायू वाढतात आणि साखर तिथे खर्ची पडते, काट्यावरचा आकडा न हलला तरीही. पोटातली चरबी व्यायामाला लवकर दाद देते. वजन पाच-सात टक्क्यांनी उतरलं तरी यकृतातला मेद कमी होतो. गरोदर बाईच्या ताटात पुरेसं दूध, डाळ, पालेभाजी, फळं आली, तर पुढच्या पिढीचा पाया बदलतो. या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यांत वर ठेवीन. घरातल्या सुनेनं शेवटी बसून उरलंसुरलं खायचं, ही रीत आपल्या मधुमेहाच्या मुळाशी आहे, असं माझं ठाम मत आहे.

*

शेवटी वाचकांना दोन विनंत्या.

घरात शिवणाची मोजपट्टी असेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. त्यापुढे आकडा गेला असेल, तर वजन कितीही योग्य असो, साखर, रक्तदाब आणि लिपिड एकदा तपासून घ्या.

आणि घरात, वर्गात, ऑफिसात एखादं मूल किंवा माणूस अंगानं भरलेलं असेल, तर त्याच्या ताटाकडे पाहून बोलणं आजपासून बंद करा. त्याला हवे आहेत ते बरोबर चालायला सोबती आणि ऐकून घेणारे डॉक्टर. टोमण्यांनी वजन उतरल्याचं उदाहरण कुठल्याही विज्ञानात नाही.